यागोदाचे वगळलेले केस

शामोतुवी गावाच्या बाजारचौकातल्या बेकरीत ओतिल्या गेली एकोणीस वर्षं केकवर साखरेची फुलं काढत होती. गावातल्या निम्म्या लग्नांचे आणि जवळजवळ सगळ्या मुलांच्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचे केक तिच्या हाताखालून गेलेले. त्यामुळे तिची मुलगी यागोदा तेराव्या वर्षापासून अंगानं सुटायला लागली, तेव्हा गावाला काही नवल वाटलं नाही. "बेकरीवालीची पोर, ती का वाळणार?" असं म्हणून लोक मोकळे झाले. ओतिल्याला मात्र ते बोलणं टोचायचं, कारण यागोदा गोडाला हात लावत नसे. निदान आईसमोर तरी लावत नसे. आणि आईचा सगळा संशय त्या 'समोर'पाशी येऊन अडकला होता.

कारण घरातलं खाणं कमी होत होतं. कोठीच्या खोलीतला खसखशीचा केक शनिवारी अख्खा असायचा, सोमवारी अर्धा. धुरी दिलेल्या सॉसेजची माळ दर आठवड्याला दोन-तीन मणी आखूड. नवरा रोमुआल्द लाकडी फर्निचरच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जायचा. त्याला डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला होता आणि तो ओतिल्याच्या देखत निमूटपणे उकडलेले बटाटे आणि दही खायचा. मग राहिलं कोण?

ओतिल्यानं कोठीला कुलूप लावलं. दर दोन दिवसांनी कोबीचं सूप केलं. राय धान्याच्या पावाचे काप स्वतः कापून दिले. एका संध्याकाळी यागोदा अंघोळीला गेलेली असताना तिचं दप्तर जमिनीवर पालथं केलं. निघालं काय, तर एक सुकलेलं सफरचंद आणि व्यायामाच्या तासाला न येण्याबद्दलच्या चार चिठ्ठ्या. यागोदा ओल्या केसांनी दारात उभी राहून बघत होती.

"सापडलं का काही?" तिनं विचारलं.

"हुशार आहेस. घरी आणतच नसशील."

यागोदा खाली वाकली. वह्या गोळा केल्या आणि खोलीत जाऊन झोपली. हल्ली ती सारखी झोपायची. जून महिन्यातही लोकरी स्वेटर घालून बसायची. पूर्वी पोहण्यात पहिली येणारी मुलगी आता जिना चढताना मध्ये थांबायची. गावच्या डॉक्टरांनी वजनकाट्याकडे एक नजर टाकून "कमी खा, जास्त चाल" असं सांगितलं होतं, आणि ओतिल्यानं या सगळ्याला एकच नाव दिलं होतं: आळस.

ऑक्टोबरात शाळेत पालकांची सभा भरली. तिथं पोझ्नानच्या विद्यापीठातून डॉक्टर बोग्ना ओसोव्स्का नावाच्या बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, उंच, चष्मा दोरीला बांधून गळ्यात सोडलेला. त्यांना चौदा ते अठरा वर्षांच्या मुली हव्या होत्या, जाड आणि सडपातळ अशा दोन्ही. मुलींच्या केसांत जस्त, लोह, कॅल्शियम, तांबं असं काय काय किती आहे ते त्या मोजणार होत्या. शिवाय रक्त तपासणार आणि शरीर स्वस्थ पडलेलं असताना किती उष्मांक जाळतं तेही बघणार होत्या. या सगळ्यांचा एकमेकांशी काही संबंध लागतो का, हा त्यांचा प्रश्न.

"केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो," बाई सांगत होत्या. "आम्ही मानेच्या वरून, मुळालगतचे तीन सेंटीमीटर घेतो. म्हणजे ढोबळमानानं मागचे तीन महिने आमच्या हातात येतात."

ओतिल्यानं तिथल्या तिथे हात वर केला. "म्हणजे तीन महिन्यांत मुलीनं काय खाल्लं ते कळणार?"

मागच्या रांगेत हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. "इतकं सोपं नसतं ते," त्या म्हणाल्या. "पण या तुम्ही. केस रंगवलेले तेवढे नकोत."

ओतिल्यानं पुढचं ऐकलंच नाही. तिच्या डोक्यात एवढंच राहिलं, की पोरगी तोंडानं खोटं बोलेल, केस कसे बोलतील? आणि यागोदाचे केस रंगवलेले नव्हते. उन्हाळ्यात वर्गातल्या निम्म्या मुलींनी डोकी जांभळी करून घेतली, तेव्हा ओतिल्या आडवी आली होती म्हणून.

शनिवारी सकाळी दोघी उपाशीपोटी आगगाडीनं पोझ्नानला गेल्या. तपासणीच्या खोलीत बाईंनी यागोदाचे वरचे केस चिमट्यानं उचलून धरले, आतून, दिसणार नाहीत अशा तीन-चार ठिकाणांहून बारीक बटा कापल्या आणि कागदाच्या पाकिटात घातल्या. मग तिला खाटेवर आडवं केलं आणि डोक्यावर पारदर्शक घुमटासारखं झाकण ठेवलं. तिचा श्वास नळीतून शेजारच्या यंत्रात जात होता.

"अर्धा तास नुसतं पडून राहायचं," बाई म्हणाल्या. "झोपायचं मात्र नाही."

"तेवढंच तर येतं तिला," ओतिल्या म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग आकड्यांकडे. मग झाकणाखालच्या मुलीच्या हातांना हात लावून पाहिला आणि खुर्चीवरची स्वतःची शाल काढून तिच्या पायांवर घातली. "नेहमीच इतकी गार असतेस का गं?"

माप झाल्यावर त्या ओतिल्याला म्हणाल्या, "आता तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी आई आहे तिची."

"म्हणूनच."

ओतिल्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. अशी वागणूक तिला बेकरीचा मालकसुद्धा देत नसे. दार नीट लागलं नव्हतं. आतून बाईंचा आवाज येत होता. "तीन दिवसांत काय काय खाल्लं ते लिहिलंयस. यात काही राहिलंय का? राहिलं असेल तरी मी रागावणार नाही." मग यागोदाचा आवाज, अगदी बारीक: "नाही. पण तुमचाही विश्वास बसणार नाही." आणि मग बाई: "का नाही बसणार? तू सांगतेयस ना."

नंतर कुणीतरी नाक शिंकरलं. ओतिल्या समोरच्या भिंतीवरचं दातांच्या निगेबद्दलचं पत्रक वाचत राहिली, आणि एक अक्षर तिच्या डोक्यात शिरलं नाही.

नवव्या दिवशी फोन आला. संध्याकाळची वेळ, तिघंही स्वयंपाकघरात होती. ओतिल्याचे हात पिठाचे, म्हणून रोमुआल्दनं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"केसांचं काय निघालं?" ओतिल्यानं आधी तेच विचारलं.

"केसांचं राहू द्या," डॉक्टर बोग्ना म्हणाल्या. "एकट्या मुलीच्या केसांवरून काही ठरवता येत नाही, कुणी येतं म्हटलं तर विश्वास ठेवू नका. मी दुसऱ्याच गोष्टीसाठी फोन केलाय. यागोदाचं शरीर तिच्या वयाच्या, तिच्या अंगलटीच्या मुलीनं जेवढं जाळायला हवं त्याच्या तीन चतुर्थांशसुद्धा जाळत नाहीये. मला शंका आली म्हणून रक्तात थायरॉइडही बघितलं. गळ्यातली ग्रंथी जवळजवळ संपावर गेलीय. दमणं, गारठणं, झोप, वजन, केस गळणं, सगळं त्यातूनच येऊ शकतं. मी इथल्या तज्ज्ञ डॉक्टरांशी बोललेय, मंगळवारी घेऊन या."

"केस गळतात तिचे?" ओतिल्या म्हणाली.

"मूठमूठ गळतात. तिनं सांगितलं मला." बाई पुढे म्हणाल्या, "आणि एक. तिनं जे लिहिलंय ते मला खरं वाटतं. ती उपाशी राहते आहे, बाई. तिला उपाशी ठेवू नका."

फोन बंद झाला. ओतिल्या खाली बसली. पिठाचे हात मांडीवर तसेच. तिच्या तोंडून निघालं, "मग केक कोण खातं?"

मग रोमुआल्दनं खाकरून घसा साफ केला. बेचाळीस वर्षांचा, दारात वाकून यावं लागेल एवढा माणूस, पण आवाज निघाला तो पहिलीतल्या पोराचा.

"मी."

"काय मी?"

"पहाटे. कामावर जाताना. जरासा खायचो."

"जरासा? अर्धा केक? आणि सॉसेज?"

"तेही."

"कुलूप लावलं होतं मी!"

"कुलपाला दुसरी किल्ली असते, ओतिल्या."

"अरे देवा! चोर सोडून संन्याशाला फाशी दिली रे मी! आणि तू बघत बसलास? तुझ्यासमोर तिचं दप्तर पालथं केलं मी!"

"मला वाटलं, ती पण खात असेल थोडंफार," रोमुआल्द पुटपुटला. "साखर असून खातो हे तुला कळलं असतं तर... मला धीरच झाला नाही."

"मला माहीत होतं," यागोदा म्हणाली.

दोघं तिच्याकडे बघायला लागले.

"बाबाला मी तीनदा बघितलं. मला झोप लागते पण सारखी जागही येते. गारठ्यानं. मी म्हटलं, आई माझ्यावर ओरडतेच आहे. मी सांगितलं असतं तर त्याच्यावरही ओरडली असतीस. मग घरात बोलायला कोण राहिलं असतं?"

रोमुआल्द उठून मागच्या अंगणात गेला आणि बराच वेळ आत आला नाही. ओतिल्या मुलीजवळ जाऊन उभी राहिली. केकवर नावं लिहून लिहून हजार शुभेच्छा तिला पाठ होत्या, पण आता लागणारं वाक्य त्यांत एकही नव्हतं. "चुकले गं मी," एवढंच तिला म्हणता आलं.

"बरं," यागोदा म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. ते 'बरं' नुसतंच 'बरं' होतं. त्यात माफी नव्हती, हे ओतिल्याला कळलं. आपण दोन वर्षं लावली, तिनं दोन वर्षं घेतली तरी हक्क आहे तिचा, असं तिनं मनाशी म्हटलं, आणि कोठीचं कुलूप काढून कचऱ्यात टाकलं. रोमुआल्दची किल्लीही त्याच्यामागून गेली.

मंगळवारी तज्ज्ञांनी गोळी दिली. रोज सकाळी, उपाशीपोटी, पाण्याबरोबर. पहिल्या महिन्यात काही दिसलं नाही. दुसऱ्या महिन्यात यागोदानं घरात स्वेटर काढून खुर्चीवर टाकला आणि तो तिथंच विसरली. तिसऱ्यात ओतिल्यानं जिन्यावर पावलं ऐकली आणि तिला वाटलं, शेजारची मुलं आली; बघते तर यागोदा, एका दमात वर. वजन सहा किलो उतरलं. ती काही वेताची काडी झाली नाही, होणारही नव्हती. पण तिचे डोळे जागे झाले होते. रोमुआल्दही स्वतःहून डॉक्टरांकडे जाऊन आला आणि आता दोघं बापलेक संध्याकाळी नदीकाठी फिरायला जात.

फेब्रुवारीत ओतिल्या मोठा केक घेऊन पोझ्नानला गेली. यागोदाही बरोबर होती. केकवर साखरेची अठरा जांभळी फुलं होती, आणि असं नाजूक काम तिनं कुणाच्या लग्नालाही केलं नव्हतं.

"मला भेटवस्तू घेता येत नाही," डॉक्टर बोग्ना म्हणाल्या.

"ही भेट नाही. हा केक आहे. तुम्ही नाही खाल्लात तर मी इथं बाकावर बसून सगळ्या जाणाऱ्या-येणाऱ्यांना खायला घालीन."

शेवटी तसंच झालं. बाकावर केक कापला गेला, रक्त काढणाऱ्या नर्सपासून फरशी पुसणाऱ्या आजींपर्यंत सगळ्यांनी खाल्ला, आणि बाईंनी दोन तुकडे खाल्ले. खाता खाता यागोदानं विचारलं, "माझ्या केसांत काय सापडलं?"

बाईंनी बशी खाली ठेवली. "तुला खरं सांगते. तुझे केस मला वगळावे लागले. थायरॉइडचा आजार असलेल्या मुली या अभ्यासात घेता येत नाहीत, नियमच तसा आहे. तुझं पाकीट कपाटात आहे, पण मोजणीत नाही."

"म्हणजे आमचा तुम्हाला काहीच उपयोग झाला नाही?" ओतिल्या म्हणाली.

"एक सकाळ गेली," बाई हसून म्हणाल्या. "आम्हाला ऐंशी मुली लागतात, एकसष्ट झाल्यात. जूनपर्यंत होतील कशातरी."

परतीच्या गाडीत ओतिल्याला चैन पडेना. आपण गेलो पोरीच्या विरुद्ध साक्षीदार शोधायला. त्या बाईनं आपली शाल काढून तिच्या पायांवर घातली, तिचं ऐकून घेतलं, वर डॉक्टर गाठून दिला, आणि त्यांच्या पदरात काय पडलं? मोजणीतून कमी झालेली एक मुलगी.

दुसऱ्या दिवशी ती चर्चमध्ये फादर आम्ब्रोझींकडे गेली. आभाराची मिस्सा म्हणजे प्रार्थना सांगायची होती.

"कुणाच्या नावानं?" म्हाताऱ्या फादरांनी वही उघडली.

"डॉक्टर बोग्ना ओसोव्स्का."

"आजारी आहेत?"

"छे! ठणठणीत आहेत. तशाच राहू देत म्हणून."

फादरांनी नाव लिहून घेतलं, पेन खाली ठेवलं. "मिस्सा होईल, ओतिल्या. पण मिस्सा तुला हवीय. त्या बाईंना काय हवंय?"

ओतिल्या चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत तिला उत्तर सापडलं होतं. एकोणीस मुली.

त्या आठवड्यापासून बेकरीच्या काउंटरवर जो कुणी पाव घ्यायला आला, त्याला पावाबरोबर ओतिल्याची गोष्टही मिळाली. तिनं काही झाकून ठेवलं नाही. कुलूप, कोबीचं सूप, पालथं केलेलं दप्तर, सगळं. नवऱ्याचा केकही सांगितला; रोमुआल्दनं "एवढं राहू दे" म्हणून पाहिलं, पण त्याची बाजू फारच लंगडी होती.

"मुलीचे केस कुणाच्या हाती द्यायचे नसतात," तेक्ला काकू म्हणाल्या. त्यांच्या घरी दोन नाती होत्या. "माझी आजी विंचरलेले केससुद्धा चुलीत जाळायची."

"काकू, तुमच्या नाती दर महिन्याला न्हाव्याकडे केस जमिनीवर टाकून येतात. तो काय करतो त्यांचं, तुम्ही विचारलंयत?"

सडपातळ मुलींच्या आया लगेच तयार झाल्या. त्यांना तो मानच वाटला. अडचण होती ती दुसऱ्या आयांची. एका बाईला तिच्या तोंडावर 'तुझी मुलगी जाड आहे' कसं म्हणायचं? एक जण तर अर्धा किलो पाव काउंटरवर तसाच टाकून चालती झाली. ओतिल्या पाव घेऊन तिच्या घरी गेली. दारातच म्हणाली, "माझीही आहे. अजूनही आहे. मी तिला काय नाही बोलले? तुम्ही बोलू नका, एवढंच सांगायला आलेय. हा पाव घ्या." त्या बाईनं तिला आत बोलावलं, चहा केला, आणि चहा निवेपर्यंत दोघी रडल्या.

शाळेची बाजू यागोदानं उचलली. आईनं सांगितलं नव्हतं. टक्कल पडतं, अशी अफवा तिथं होती. यागोदानं मधल्या सुट्टीत स्वतःचे केस वर धरून सगळ्यांना दाखवलं, "कुठून कापलेत ते शोधा, सापडलं तर मी तुम्हाला आइस्क्रीम देते." कुणाला सापडलं नाही. रंगवलेल्या डोक्यांमुळे मात्र चांगल्या चौदा मुली हातच्या गेल्या.

एकोणीस काही झाल्या नाहीत. अकरा झाल्या. मे महिन्यातल्या एका शनिवारी अकरा मुली, सात आया आणि एक आजोबा सकाळच्या गाडीनं पोझ्नानला निघाले. सगळ्या मुली उपाशी, म्हणून आयांनीही खाल्लं नव्हतं. डॉक्टर बोग्नांनी दार उघडलं, व्हरांड्यातली गर्दी पाहिली, चष्मा डोळ्यांवर चढवून पुन्हा पाहिली.

"या सगळ्या...?"

"न रंगवलेल्या," ओतिल्या म्हणाली.

बाईंनी ओतिल्याचे दोन्ही हात धरले. "तुमचे आभार कसे मानू?"

"हे बघा, ते उलटं होतंय," ओतिल्या घाईघाईनं म्हणाली. "मानायला मी आलेय. तुम्ही कामाला लागा, पोरी भुकेल्यात."

दुपारपर्यंत एकेक मुलगी आत जाऊन येत होती. यागोदा बाकांमधून हिंडत होती, झाकणाखाली कसं वाटतं ते सांगत होती, एका घाबरट मुलीचा हात धरून आतपर्यंत गेली. बाकावरची एक आई तिला हळूच विचारू लागली, "आमची घरी नाही म्हणते, पण बाहेर काय खाते ते यात येईल का गं?"

"नाही येत, काकू," यागोदा म्हणाली. "ते तिलाच विचारा. आणि मग ती सांगेल ते ऐका."

ओतिल्यानं ऐकलं. तिनं मान खाली घातली नाही. ती त्या बाईकडे बघून नुसती हसली, 'पोरगी बरोबर बोलतेय' अशा अर्थानं.

संध्याकाळी शामोतुवीच्या स्टेशनवर सगळे उतरले. मुली खिदळत पांगल्या. चौकापर्यंतचा रस्ता दोघींनी चालत धरला. रस्त्याकडेच्या झाडांखाली बाकांवर म्हातारे बसले होते, कुणाच्या तरी खिडकीतून कांदा परतल्याचा वास येत होता. ओतिल्याचे पाय दुखत होते आणि मन इतकं हलकं होतं की तिला देवाला काही सांगावं असं वाटलं, पण काय ते सुचलं नाही, म्हणून ती नुसतीच चालत राहिली.

"आई," यागोदा म्हणाली.

"काय गं?"

"तलाव सोमवारपासून उघडतोय. मला पोहण्याचा नवा पोशाख हवाय. गेल्या वर्षीचा सैल होतो. तू येशील का बरोबर घ्यायला?"

दप्तर पालथं झालं त्या संध्याकाळपासून यागोदानं आईकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं.

"येईन की," ओतिल्या म्हणाली. "कोणता रंग घेऊ या?"

"जांभळा," यागोदा म्हणाली.